बेरिंगसाठी सेन्सर कुठे बसवायचा: १२ सेन्सर, पाच मशिनं आणि मोटरच्या पोटावरचा सल्ला

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहिलं असेल तर सांगता येईल. महापे एमआयडीसीतल्या एका केमिकल कारखान्यात तुम्ही मेंटेनन्स बघता. १२ वायरलेस व्हायब्रेशन सेन्सर मंजूर झालेत. मशिनं पाच आहेत: कूलिंग वॉटरचे दोन पंप (३० किलोवॉटच्या मोटरी, १४८० आरपीएम, थेट कपलिंगवर), स्क्रबरचा (वायू धुऊन साफ करणाऱ्या टॉवरचा) एक ब्लोअर व्ही-बेल्टवर, आणि दोन रिअ‍ॅक्टरचे अ‍ॅजिटेटर (आतला माल ढवळणारे) गिअरबॉक्ससकट. सेन्सर विकणारा माणूस म्हणतो, प्रत्येक मोटरच्या बॉडीवर मधोमध एकेक चिकटवा, दोन्हीकडची बेरिंगं त्यात येतात, उरलेले पुढच्या मशिनांना ठेवा. तुमचे साहेब म्हणतात, प्रत्येक मशिनला दोन-दोन, सरळ वाटणी. आणि तुम्ही विचारताय, नेमका कुठे बसवू?

मला दोघांचंही म्हणणं पटत नाही. विक्रेत्याचा सल्ला तर जवळजवळ पैसे पाण्यात घालायचा आहे. साहेबांची वाटणी त्यापेक्षा बरी, पण पंप, ब्लोअर आणि अ‍ॅजिटेटर यांच्या गरजाच सारख्या नाहीत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि तळोज्यात मी बरीच वर्षं व्हायब्रेशनचं काम करतोय. माझ्या मते ‘कुठे बसवू’ हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधीचे दोन असे: कोणत्या बेरिंगचा कोणता बिघाड मला किती आधी कळायला हवा? आणि हातात असलेल्या सेन्सरला तो बिघाड ऐकू येतो का? या दोन्हींची उत्तरं हातात असली की जागा बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

बेरिंग खराब व्हायला लागतं तेव्हा रेसवर, म्हणजे बॉल ज्यावर फिरतात त्या आतल्या (इनर) किंवा बाहेरच्या (आउटर) कड्यावर, बारीकसा खड्डा पडतो. त्यावरून प्रत्येक बॉल जाताना एक छोटासा ठोका बसतो. ठोका इतका कमी वेळाचा असतो की त्याने रेस आणि हाउसिंग काही हजार हर्ट्झला झणझणतात. सुरुवातीला एवढाच पुरावा असतो, बारीक आणि वरच्या फ्रिक्वेन्सीचा. खड्डा वाढला की ठोक्यांची मूळ फ्रिक्वेन्सी स्पेक्ट्रममध्ये स्वतंत्र दिसू लागते. ती किती, याचा अंदाज बॉलच्या संख्येवरून येतो: आउटर रेससाठी बॉल गुणिले शाफ्टच्या वेगाच्या ०.४ पट, इनरसाठी ०.६ पट. तुमच्या मोटरचा वेग म्हणजे सेकंदाला २४.७ फेरे. बेरिंगात ८ बॉल असतील तर आउटर साधारण ७९ हर्ट्झ, इनर साधारण ११८ हर्ट्झ. त्यानंतर कुठेतरी कंपनाच्या वेगाचा, मिलिमीटर प्रति सेकंदातला एकूण आकडा वर सरकतो, आणि बहुतेक वेळा अगदी शेवटी बेरिंग गरम होतं. म्हणून सेन्सरसोबत तापमान फुकट मिळतं याचं फार कौतुक करू नका. ग्रीस संपलं, ग्रीस अति भरलं, हे त्यातून कळेल. खड्डा पडलाय हे मात्र तापमानातून वेळेवर कळत नाही.

आता ठरवा. बेरिंग मागवायला, शटडाऊन ठरवायला काही आठवडे हवेत, की चार दिवस आधी कळलं तरी चालतंय? स्टँडबाय पंप असेल आणि बेरिंग तुमच्या स्टोअरमध्येच पडलेलं असेल तर उशिराची सूचनाही पुरते. ब्लोअरला पर्याय नसेल आणि तो बंद पडला की स्क्रबर बंद, म्हणजे बॅच बंद, तर तिथे लवकरचीच सूचना हवी. जितकी लवकर सूचना हवी तितकी जागा आणि बसवण्याची पद्धत काटेकोर लागते. वरच्या फ्रिक्वेन्सीचा तो बारीक आवाज धातूतून जाताना प्रत्येक जोडाला विरत जातो. शंभर-दोनशे हर्ट्झची हालचाल मात्र सगळ्या सांगाड्यात पसरते.

चाळीत राहिलेल्यांना हे सांगावं लागत नाही. पलीकडे खलबत्त्यात वेलदोडा कुटला की सामाईक भिंतीला कान लावून प्रत्येक ठोका मोजता येतो. तोच कान मधल्या लाकडी कपाटाला लावला तर नुसती धडधड ऐकू येते.

म्हणून मोटरच्या पोटावर सेन्सर लावायला माझा विरोध आहे. बेरिंग एंड शील्डमध्ये, म्हणजे मोटरच्या टोकाच्या झाकणात असतं. एंड शील्ड फ्रेमला बोल्टने जोडलेली. फ्रेमवर थंडाव्यासाठी फिन. सेन्सर मधोमध लावला की तो दोन्ही बेरिंगांपासून सारखाच लांब जातो, आणि मध्ये एक-एक जोड येतो. वर त्याच जागी स्टेटर बसलेला. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्टेटरमध्ये दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झचं चुंबकीय कंपन कायम असतं. तुमच्या ७९ आणि ११८ च्या बरोबर मध्ये हा १०० चा खांब उभा राहणार. आणखी एक गोष्ट साहेबांना सांगायला उपयोगी पडेल. आयएसओ १०८१६-३ मध्ये (२०२२ पासून त्या जागी २०८१६-३ आहे) ज्या मर्यादा दिल्यात, म्हणजे १५ ते ३०० किलोवॉटच्या गटात पक्क्या फाउंडेशनवरच्या मशिनाला १.४, २.८ आणि ४.५ मिलिमीटर प्रति सेकंद, त्या बेरिंग हाउसिंगवर घेतलेल्या मोजमापाच्या आहेत. मोटरच्या पोटावरचा आकडा त्यांच्याशी ताडून बघण्यात अर्थच नाही.

पोटावरचा सेन्सर अगदीच बिनकामाचा नाही. स्टेटर सैल झाला, एअर गॅप कमी-जास्त झाली, हे तिथे छान कळतं. पण तुमचा प्रश्न बेरिंगचा आहे.

मग धातूचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात घट्ट रस्ता कुठला, हे शोधायचं. इथे लोड झोन, म्हणजे बेरिंगचा भार सोसणारा भाग, महत्त्वाचा. बेरिंगवर भार सगळीकडून सारखा नसतो. आडव्या शाफ्टवर रोटरचं वजन खाली असतं, म्हणून खालच्या बाजूचे बॉल आउटर रेसवर दाबले जातात आणि आउटर रेस हाउसिंगवर दाबली जाते. तिथे धातू धातूला चिकटलेला, ठोका सरळ बाहेर येतो. वरच्या बाजूला बॉल मोकळे फिरतात, ठोकाही कमी आणि रस्ताही सैल. शिवाय आउटर रेस फिरत नाही, तिच्यावर जिथे भार तिथेच खड्डा पडण्याची शक्यता जास्त. इनर रेसवरचा खड्डा शाफ्टबरोबर फिरतो, दर फेरीत लोड झोनमध्ये येतो आणि बाहेर जातो, त्यामुळे त्याचा आवाज चढ-उताराचा असतो. दोन्ही प्रकारांत ऐकायला बसायची जागा लोड झोनजवळच.

आता एकेक मशिन घेऊ.

पंप. तुमचे पंप एंड सक्शन, बॅक पुल-आउट पद्धतीचे (पाणी टोकातून आत येतं आणि फिरता भाग मागून ओढून काढता येतो) आहेत असं धरतो, कूलिंग वॉटरला बहुधा तेच असतात. तसे असतील तर पंपाची दोन्ही बेरिंगं एकाच बेअरिंग ब्रॅकेटच्या कास्टिंगमध्ये बसतात. इम्पेलरकडचं रेडियल भार घेतं, कपलिंगकडचं साधारणपणे थ्रस्टही घेतं. दोघांमध्ये सलग ओतीव धातू आहे, बोल्टचा जोड नाही, अंतरही कमी. म्हणून पंपाला एक सेन्सर पुरतो आणि तो कपलिंगकडच्या बेरिंगच्या जाड भागावर, शाफ्टच्या उंचीला किंवा किंचित खाली, आडवा. पंपाच्या केसिंगवर म्हणजे व्हॉल्यूटवर नको. तिथे पाण्याचा खळखळाट असतो, आणि सक्शन कमी पडून कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) सुरू झालं की त्याचा आवाज बेरिंगच्याच वरच्या फ्रिक्वेन्सीवर पसरतो. ब्रॅकेटखालच्या पत्र्याच्या आधारपायावरही नको. ऑइल कपच्या आणि ड्रेन प्लगच्या वाटेत नको, नाहीतर फिटर पहिल्याच ऑइल बदलाला सेन्सर पाना मारून काढेल. आणि दोष त्याचा नसेल.

मोटरला मात्र दोन सेन्सर, डीई (कपलिंग किंवा पुलीकडचं टोक) आणि एनडीई (त्याच्या उलटं, पंख्याकडचं टोक). दोन बेरिंगांमध्ये अख्खा स्टेटर आणि दोन जोड आहेत, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. डीईला कपलिंगचं मिसअलाइनमेंट सोसावं लागतं. मोटर व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) असेल तर शाफ्टमधला करंट बेरिंगातून जाऊन रेसवर कपडे घासायच्या खाचांच्या पाटासारख्या बारीक रेघा पडतात, आणि ते कुठल्याही टोकाला होऊ शकतं. डीईला सेन्सर एंड शील्डच्या मुख्य ओतीव भागावर बसवा. ग्रीस निपल बेरिंगची जागा दाखवतं, त्याच्या आसपास बघा, पण निपल झाकू नका. पुढची बोल्ट केलेली बेरिंग कॅप टाळा.

एनडीईला अडचण असते, कारण तिथे फॅन काउल, म्हणजे पंख्यावरचं झाकण. बरेच जण चक्क काउलवर सेन्सर चिकटवतात. काउल म्हणजे पत्रा. तुर्भ्याच्या एका कारखान्यात असा सेन्सर दिवसाआड अलार्म द्यायचा, कारण काउलचा एक स्क्रू सैल होता. शिफ्टवाल्यांनी कंटाळून त्या मशिनचा अलार्मच बंद करून टाकला. काही दिवसांनी त्याच मोटरचं डीई बेरिंग गेलं आणि ते कळलं तेव्हा शाफ्टही गेला होता. काउलच्या कडेला एंड शील्डची एक अरुंद पट्टी बहुतेक मोटरींना बाहेर दिसते. काउलचे स्क्रू जिथे बसतात तिथे बघा. त्या पट्टीवर छोटा पॅड बसतो. तिथेही सेन्सर मावत नसेल तर एनडीई सोडून द्या आणि तिथे महिन्यातून एकदा हातातल्या मीटरने वाचन घ्या. चुकीच्या जागेचा सेन्सर बसवण्यापेक्षा ते बरं.

दोन पंपांपैकी एक चालू आणि एक स्टँडबाय असेल तर आणखी एक गोष्ट. बंद पडलेल्या पंपाची बेरिंगं शेजारच्या चालू पंपाच्या कंपनाने एकाच जागी घासत राहतात आणि रेसवर बॉलच्या अंतराने खुणा पडतात. पंप आळीपाळीने चालवा. आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘मशिन चालू असतानाच वाचन धरा’ अशी मर्यादा घाला, नाहीतर बंद पंपाचे आकडे सरासरीत मिसळून ट्रेंड उगाच चांगला दिसतो.

ब्लोअर. इथे सगळ्यात जास्त विचार करा, कारण बेल्टने लोड झोन फिरवून ठेवलेला असतो. तुमच्या ब्लोअरची मोटर बाजूला आहे की खाली, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी बाजूला धरून सांगतो. पुली शाफ्टच्या एका टोकाला, इम्पेलर दुसऱ्या टोकाला अधांतरी, आणि त्यांच्या दरम्यान दोन प्लमर ब्लॉक (शाफ्टची बेरिंगं धरणारी ओतीव घरं), अशी रचना असावी. पट्टा शाफ्टला मोटरकडे ओढतो. पुलीकडच्या प्लमर ब्लॉकमध्ये भार मुख्यतः मोटरच्या बाजूला येतो, खाली नाही. त्याच्या सेन्सरची जागा ब्लॉकच्या मोटरकडच्या अंगाला. इम्पेलरकडच्या ब्लॉकमध्ये इम्पेलरचं वजन खाली दाबतं, पण पट्ट्याच्या ताणाची तरफ उलटी चालते, म्हणून भार खाली आणि किंचित मोटरच्या विरुद्ध बाजूला. तिथे सेन्सर खालच्या अर्ध्या भागावर, मोटरच्या उलट्या अंगाला. मोटरच्या डीई बेरिंगचा भार ब्लोअरच्या दिशेला, आणि त्याच मोटरच्या एनडीईचा बरोबर उलट दिशेला. मोटर खाली असेल तर पट्ट्याच्या ओढीचं चित्र ९० अंशांनी फिरवून घ्या, वजन मात्र खालीच राहतं. कागदावर एक वर्तुळ काढून पट्टा कुठे ओढतो त्याचा बाण मारा, पाच मिनिटांचं काम आहे.

प्लमर ब्लॉक दोन अर्ध्यांचा असेल तर वरच्या टोपीवर सेन्सर लावायचा मोह आवरा. वर जागा सपाट असते, हात पोचतो, फोटो छान येतो. पण तिथे लोड झोन नाही आणि मध्ये टोपीचा जोड आहे. खालच्या अर्ध्यावर, जोडाच्या रेषेच्या जवळ, बेरिंगच्या रुंदीच्या मध्यावर जागा साफ करा. ब्लॉकच्या पायाच्या बोल्टजवळ नको, चॅनलच्या स्टँडवर तर अजिबात नको. स्टँडची स्वतःची नैसर्गिक फ्रिक्वेन्सी असते, ती शाफ्टच्या वेगाजवळ आली की आकडा बेरिंगशी काही संबंध नसताना वाढतो. शंका असेल तर मशिन बंद असताना रबरी हातोडीने स्टँडला एक टोला मारून पोर्टेबल मीटरवर बघा, कुठे झणझणतं ते कळेल.

दोन ब्लॉकपैकी कुठला फिक्स (बेरिंग शाफ्टच्या दिशेने जखडलेलं) आणि कुठला फ्लोटिंग (थोडं सरकू शकणारं), हे ड्रॉइंगमध्ये पाहा किंवा पुढच्या वेळी टोपी उघडली की रिंगा आहेत का ते बघा. शाफ्टच्या दिशेचं मोजमाप फिक्स ब्लॉकवर घ्यायचं. तुमचे सेन्सर तिन्ही अक्षांचे असतील तर हे सोपं आहे, पण डेटाशीट नीट वाचा. काही सेन्सरमध्ये तिन्ही अक्षांची क्षमता सारखी नसते, एखादा अक्ष कमी फ्रिक्वेन्सीपर्यंतच ऐकतो. जास्त ऐकणारा अक्ष लोड झोनकडे करा, कमी ऐकणारा दुसरीकडे.

इम्पेलरकडच्या ब्लॉकवरचा सेन्सर मी कधीच सोडणार नाही, अगदी एकच सेन्सर मिळाला असता तरी. स्क्रबरच्या ब्लोअरमध्ये पात्यांवर क्षार आणि चिखल साचतो, मग बॅलन्स जातो, आणि तो धक्का पहिल्यांदा हेच बेरिंग खातं. शाफ्टच्या वेगाइतक्या फ्रिक्वेन्सीला, आडव्या दिशेत आकडा वाढू लागला तर आधी इम्पेलर धुऊन बघा. अनेकदा बेरिंग बदलायची वेळच येत नाही. ब्लोअरला तीन सेन्सर: दोन ब्लॉक आणि मोटरचं डीई. पट्टे बदलले किंवा ताणले की तारीख लिहून ठेवा, त्या दिवशी आकडे उडी मारतात आणि पुढच्या माणसाला ते बेरिंग वाटतं.

अ‍ॅजिटेटर. इथे मी तुम्हाला थोडं निराश करणार आहे. समजा गिअरबॉक्सचा बाहेरचा शाफ्ट मिनिटाला ७२ फेरे फिरतो. म्हणजे सेकंदाला १.२. त्या बेरिंगात २० रोलर असले तरी आउटर रेसचे ठोके सेकंदाला साडेनऊच्या आसपास, आणि तेही दमदार नाहीत, कारण वेगच नाही. तुमचा सेन्सर एका वेळी एक सेकंद नोंद करून झोपत असेल तर त्याला सव्वा फेरीसुद्धा धड दिसणार नाही. पंपाच्या मोटरवर तेवढ्याच एका सेकंदात चोवीस फेरे मिळतात. म्हणून विक्रेत्याला हा प्रश्न विचारा: एका वाचनात सलग किती सेकंदांची नोंद होते, आणि ती मला वाढवता येते का? किमान दहा-वीस सेकंद सलग मिळत नसतील तर मंद शाफ्टच्या बेरिंगची आशा त्या सेन्सरकडून ठेवू नका. त्या बेरिंगसाठी अल्ट्रासाउंडचं हँडहेल्ड यंत्र, गिअरबॉक्सच्या तेलाची तपासणी आणि मोटरच्या करंटवर लक्ष, हे जास्त कामाचं. रिअ‍ॅक्टरच्या आत तळाशी शाफ्टला आधार देणारं स्टेडी बेरिंग तर कुठल्याच बाहेरच्या सेन्सरला नीट सापडत नाही.

म्हणून अ‍ॅजिटेटरला एकेकच सेन्सर, गिअरबॉक्सच्या वेगवान म्हणजे इनपुट बाजूच्या बेरिंगजवळ, गिअरबॉक्सच्या जाड भिंतीवर. तपासणीच्या झाकणावर नको. वाचनं बॅचच्या एकाच टप्प्याची एकमेकांशी ताडा. रिअ‍ॅक्टर रिकामा असताना, अर्धा असताना आणि माल घट्ट झाल्यावर शाफ्टवरचा भार पूर्ण वेगळा असतो. सकाळचं वाचन चार्जिंगचं आणि संध्याकाळचं रिअ‍ॅक्शनचं असेल तर त्या दोन ठिपक्यांना जोडणारी रेघ खोटी आहे.

हिशोब करा: पंपांना तीन-तीन म्हणजे सहा, ब्लोअरला तीन, अ‍ॅजिटेटरला दोन. अकरा झाले. बारावा बसवू नका, हातात ठेवा. एखाद्या बेरिंगची शंका आली की तिथे दुसऱ्या दिशेला लावायला तो लागतो.

आता बसवणं. उत्तम जागा वाईट बसवण्याने वाया जाते. सेन्सर हाताने टेकवून धरला तर साधारण १००० हर्ट्झच्या पुढे भरवसा नाही. गोल पृष्ठभागावर दोन टोकांचं मॅग्नेट असेल तर दोनेक हजारापर्यंत. कडक चिकटपट्टीने सपाट धातूवर बसवला तर काही हजार हर्ट्झ, आणि स्टडने आटे पाडून बसवला तर साधारण १० हजारापर्यंत किंवा पुढेही. वायरलेस सेन्सर उंच आणि जड असतात, त्यांची स्वतःची मर्यादा त्याआधीच येऊ शकते. फोमची दुहेरी टेप ज्यांनी दिलीय त्यांना ती परत करा. दोन भागांचा कडक इपॉक्सी वापरा.

रंगावर चिकटवू नका. आपल्या पट्ट्यात गंज टाळायला मशिनावर रंगाचे थर चढवलेले असतात, कधी कधी खालच्या गंजावरच. नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा चकचकीत धातूपर्यंत साफ करा, सपाट करा, पुसून कोरडी करा, चिकटवा, आणि इपॉक्सी पक्का झाला की कडेने परत रंग लावा. जूनच्या मध्यानंतर हे काम उघड्यावर करायला जाऊ नका. धातूवर दिसेल न दिसेल असा ओलावा असतो आणि इपॉक्सी दोन महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो. मेमध्येच उरका, किंवा शेड असेल तिथे हॉट एअर गनने जागा कोरडी करून मग.

सॉल्व्हंट असलेल्या भागाबद्दल मात्र कडक बोलतो. रिअ‍ॅक्टरच्या मोटरी फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी-ज्वाला बाहेर न जाऊ देणाऱ्या) असतील तर त्यांच्या बॉडीला कुठेही ड्रिल मारायचं नाही, आटे पाडायचे नाहीत, काउल कापायचं नाही. एका छिद्राने त्या मोटरचं प्रमाणपत्र निरर्थक होतं. तिथे फक्त चिकटवणं. रंग काढायला ग्राइंडर किंवा कोरडं करायला हॉट एअर गन लागणार असेल तर हॉट वर्क परमिट काढूनच. आणि सेन्सर स्वतः त्या झोनसाठी आणि त्या गॅस ग्रुपसाठी प्रमाणित आहे का, पेसोची (स्फोटक-ज्वलनशील मालाच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) मान्यता आहे का, हे कागद विक्रेत्याकडून आधी मागून घ्या. ‘बॅटरीवर चालतो, काही होत नाही’ हे उत्तर चालत नाही. साध्या पंप हाउसमध्ये ही अडचण नाही, पण तिथेही बेरिंग हाउसिंगला ड्रिल मारताना बुरादा तेलात पडू शकतो. मी तिथेही चिकटवायचंच सुचवतो.

गेटवेचं, म्हणजे सेन्सरचे सिग्नल गोळा करणाऱ्या पेटीचं, एक वाक्यात: रेंज येत नाही म्हणून सेन्सर हलवू देऊ नका, गेटवे हलवायला लावा.

चिकटवण्याआधी एक दिवस पोर्टेबल मीटर भाड्याने किंवा ओळखीने मिळवा. प्रत्येक बेरिंगच्या तीन-चार संभाव्य जागांवर मॅग्नेटने वाचन घ्या. मिलिमीटर प्रति सेकंद नको, अ‍ॅक्सिलरेशनचं वरच्या फ्रिक्वेन्सीचं वाचन घ्या. जिथे ते सर्वाधिक आणि दोन वेळा सारखं येतं ती जागा. सोबत तुमच्या जुन्या फिटरला घ्या. तो स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगवर टेकवून मूठ कानाला लावतो ना, टोक कुठे टेकवतो ते बघा. तो काउलवर टेकवत नाही, टोपीवर टेकवत नाही. त्याला कुठे स्वच्छ ऐकू येतं ते हाताला माहीत असतं. माझ्या अनुभवात मीटरचं आणि त्याचं बऱ्याचदा जमतं. नाही जमलं तर मीटरचं ऐका, कारण कानाला हवे ते सगळे हर्ट्झ ऐकू येत नाहीत.

जागा ठरली की त्यांना नावं द्या आणि मशिनवर रंगाने लिहा. सर्वसाधारण रीत अशी की मोटरच्या एनडीईपासून आकडे सुरू: १ मोटर एनडीई, २ मोटर डीई, ३ पंप कपलिंग बाजू, याप्रमाणे. सेन्सर पुढे बदलला तरी नवा त्याच ठिपक्यावर, त्याच दिशेला बसला पाहिजे. चार बोटं इकडे-तिकडे झाला तर आधीच्या वर्षाचा ट्रेंड फुकट जातो. अलार्मच्या मर्यादा पहिल्या दिवशी लावू नका. सगळ्या परिस्थितीत, म्हणजे दोन्ही पंप, सगळे बॅच टप्पे, पूर्ण लोड, असं काही आठवडे चालवून मग लावा. वर दिलेले आयएसओचे आकडे मशिनच्या एकूण तब्येतीसाठी वापरा, बेरिंगच्या सुरुवातीच्या बिघाडासाठी नाही. एन्व्हलप वाचनाला (वरच्या फ्रिक्वेन्सीतून ठोके वेगळे काढणाऱ्या वाचनाला) तुमचाच जुना आकडा मापदंड.

आणि पहिलं बेरिंग कधी बदलाल तेव्हा ते उपटून भंगारात टाकू नका. काढण्याआधी आउटर रेसच्या सगळ्यात वरच्या बिंदूला आणि पुढच्या तोंडाला न पुसणारी एक खूण करा. मग रेस कापून उघडा. खड्डा खुणेच्या उलट, म्हणजे तळाला आहे, पट्ट्याच्या बाजूला आहे की अनपेक्षित ठिकाणी, हे लगेच दिसेल. तो सेन्सरच्या बाजूला निघाला तर जागा बरोबर आहे. अपेक्षित भाराच्या उलट्या बाजूला किंवा सगळ्या रेसवर घासल्याच्या खुणा निघाल्या तर हाउसिंगचं फिट, अलाइनमेंट किंवा इम्पेलरचा बॅलन्स तपासा, आणि तेव्हाच सेन्सरची जागा बदलायची का ते ठरवा. त्या उघडलेल्या रेसचा फोटो, खूण दिसेल असा, मला पाठवलात तर बघून सांगेन.